ढोल ऐकणारा दिवा : नाशिक ढोल, ईएसपी-३२ आणि जरा कमी आवाज

कानात इअरफोन असतील तर आवाज एक-दोन घर खाली आणा. का, ते पुढे कळेलच.

आजच्या भागात आपण आवाजावर नाचणारे दिवे बनवणार आहोत. एक छोटा मायक्रोकंट्रोलर, एक माइक आणि रंगीत एलईडीची पट्टी. घरच्या मखरासाठी करा, गल्लीच्या मंडळासाठी करा, नाहीतर ढोलपथकासाठी. आपण नाशिकचे, म्हणून उदाहरणही नाशिकचंच घेऊ : नाशिक ढोल. हे नाव आपल्या गावापुरतं राहिलेलं नाही बरं का. केरळात आणि मंगळूरकडेसुद्धा 'नासिक ढोल' याच नावाने पथकं वाजतात. तर ज्या वाद्याने गावाचं नाव एवढं लांब नेलं, ते ऐकून समजणारा दिवा आपल्याला जमतो का, बघू.

पण त्याआधी मुद्द्याचं बोलतो. बाजारात तयार 'म्युझिक कंट्रोलर' मिळतो. छोटी डबी असते, तिला एक बटण असतं. आवाज जेवढा मोठा, तेवढा दिवा जास्त, एवढंच त्याला कळतं. मिरवणुकीत तो सतत फुल पेटलेला राहतो, कारण आवाज सततच मोठा असतो. बटण फिरवून त्याला ताळ्यावर आणलं, तर हळू वाजवताना तो पेटतच नाही. मग मंडळातला कोणीतरी म्हणतो, "अरे, आवाज वाढव, लाइट मारत नाहीये!" म्हणजे दिव्यासाठी आवाज वाढवायचा. हे उलटं झालं. आजचा आपला दिवा असा असेल, की आवाज कमी केला तरी तो तितकाच नाचेल. ते कसं, हाच आजचा खरा विषय.

आधी फोनने ढोल बघा

काही विकत घ्यायच्या आधी हातातला फोन वापरा. 'फायफॉक्स' नावाचं एक मोफत अ‍ॅप आहे, जर्मनीतल्या आखेन विद्यापीठात तयार झालेलं. फोनमधल्या सेन्सरवर भौतिकशास्त्राचे प्रयोग करता येतात त्यात. त्यातला 'ऑडिओ स्पेक्ट्रम' हा प्रयोग उघडा आणि पथकाच्या सरावाला जाऊन थोडं लांब उभे राहा.

स्क्रीनवर डावीकडून उजवीकडे वारंवारता असते, म्हणजे सेकंदाला किती कंपनं. ते हर्ट्झमध्ये मोजतात. ढोलाच्या पानावर टिपरू पडलं की अगदी डावीकडे, शंभर हर्ट्झच्या आसपास एक उंच शेंडा उठेल. ताशा सुरू झाला की हजार हर्ट्झच्या वर, लांबपर्यंत पसरलेलं गवत उगवल्यासारखं दिसेल. झांज त्याहून उजवीकडे. मधल्या भागात माणसांचं बोलणं, घोषणा.

हे चित्र एकदा नीट बघून घ्या. शेंडा नेमका कुठे येतो, तो आकडा लिहून ठेवा. ढोलाचा आकार, पान, ताण, प्रत्येक पथकाचं वेगळं. दिव्याला आपण नंतर हेच सांगणार आहोत : अमुक ते अमुक हर्ट्झमध्ये काही उठलं, तर तो ढोल. पुस्तकातला आकडा घेऊ नका, आपल्या ढोलाचा घ्या.

सामान काय लागतं

यादी छोटी आहे. पहिलं, ईएसपी-३२ बोर्ड. दुसरं, आयएनएमपी-४४१ नावाचा डिजिटल माइक. नखाएवढा असतो. तिसरं, डब्ल्यूएस-२८१२बी एलईडीची पट्टी. या पट्टीतला प्रत्येक दिवा वेगळा सांगता येतो : तू लाल हो, तू निळा हो, तू बंद हो. सुरुवातीला एक मीटर पुरे, मीटरला ६० दिवे असलेली. चौथं, ५ व्होल्ट ४ अँपिअरचा चांगला अडॅप्टर. शिवाय ३३० ओमचा एक रेझिस्टर, १००० मायक्रोफॅरडचा एक कपॅसिटर, थोड्या वायरी. एम. जी. रोडच्या बाजूला फिरलात किंवा ऑनलाइन मागवलंत, तरी एक मीटरचं सगळं मिळून दोन हजारांच्या आत बसायला हरकत नाही.

अर्डुइनो उनो चालेल का? दिवे लावायला चालतो. पण त्याच्याकडे रॅम फक्त २ किलोबाइट. एका दिव्याला ३ बाइट, म्हणजे ३०० दिव्यांना ९०० बाइट तिथेच गेले. आवाजाचं गणित करायला जागा कुठे उरते? ईएसपी-३२ कडे शेकडो किलोबाइट आहेत, दोन कोअर आहेत, वर वायफाय आहे. एक कोअर ऐकतो, दुसरा दिवे लावतो.

जोडणी

माइकला ३.३ व्होल्ट द्या, ५ नाही. ग्राउंड ग्राउंडला. मग तीन तारा : एक घड्याळाची, एक डाव्या-उजव्या चॅनलची, एक डेटाची. माइकवर 'एल-आर' असं लिहिलेली एक पिन असते, ती ग्राउंडला जोडा. मोकळी सोडली तर माइक कधी ऐकतो, कधी नाही, आणि तुम्ही दोन दिवस कोडमध्ये चूक शोधत बसता.

पट्टीकडे येऊ. ५ व्होल्ट आणि ग्राउंड थेट अडॅप्टरवरून पट्टीला. बोर्डातून वीज घेऊ नका. कपॅसिटर या दोन तारांमध्ये, पट्टीच्या सुरुवातीला. डेटाची तार बोर्डवरून निघून ३३० ओममधून पट्टीत. आणि बोर्डचं ग्राउंड, अडॅप्टरचं ग्राउंड एकमेकांना जोडलेलं हवंच. दहापैकी निम्म्या तक्रारी इथेच मिटतात.

एक बारीक गोष्ट. ईएसपी-३२ चा सिग्नल ३.३ व्होल्टचा, आणि ५ व्होल्टवरच्या पट्टीला नियमाप्रमाणे किमान ३.५ व्होल्ट हवा असतो. टेबलावर छोट्या तारेने बहुतेक वेळा चालून जातं. मिरवणुकीत तार लांबली की दिवे भलतेच रंग दाखवायला लागतात. अशा वेळी ७४एएचसीटी१२५ नावाची छोटी आयसी मध्ये टाकायची, ती सिग्नल ५ व्होल्टवर नेते.

दिव्याचं डोकं

आता गंमत. माइक सेकंदाला २२,०५० वेळा हवेचा दाब मोजतो. त्यातली ५१२ मापं एका वेळी घ्यायची. त्यावर एफएफटी नावाचं गणित चालवायचं. हे गणित काय करतं? मिसळीच्या वाटीतून मटकी वेगळी, फरसाण वेगळं, रस्सा वेगळा काढून मोजावा, तसं हे आवाजातून प्रत्येक वारंवारता वेगळी करून मोजतं. २२,०५० भागिले ५१२, म्हणजे साधारण ४३. याचा अर्थ आपल्याला ४३-४३ हर्ट्झचे कप्पे मिळतात. दुसरा कप्पा ८६ च्या आसपास, तिसरा १२९ च्या आसपास. ढोल बहुधा इथेच सापडतो. ताशासाठी हजार हर्ट्झच्या वरच्या कप्प्यांची बेरीज घ्यायची.

आता तो तयार डबीवाला काय करतो? "कप्प्यातला आकडा अमुकपेक्षा मोठा झाला की पेट." आपण तसं करायचं नाही. आपण प्रत्येक कप्प्याची चालती सरासरी ठेवायची. जुन्या सरासरीचे ९९ भाग आणि नव्या मापाचा १ भाग, असं दर वेळी मिसळत राहायचं. आपण सेकंदाला ४३ वेळा मोजतो, त्यामुळे ही सरासरी साधारण गेल्या दोन-तीन सेकंदांची आठवण ठेवते. मग विचारायचं : आत्ताचा आकडा या सरासरीच्या किती पट आहे? दीडपटीच्या वर गेला, तर ठोका पडला. पेटव.

इथे थांबा आणि विचार करा. पथकाचा आवाज १० डेसिबलने कमी झाला, तर आवाजाची शक्ती एक दशांश होते. आत्ताचा आकडा एक दशांश झाला. पण थोड्या वेळात सरासरीही एक दशांश झाली. भागाकार? तोच! दिव्याला काहीच फरक कळत नाही. त्याला लागतो फक्त चढ-उतार. शंभर ढोल असोत नाहीतर घरातल्या आरतीच्या टाळ्या, तो तितक्याच जोरात साथ देतो.

फक्त एक तळाची मर्यादा ठेवा. पूर्ण शांततेत पंख्याच्या घरघरीवर दिवा नाचू लागू नये, म्हणून ठरावीक आकड्याच्या खाली काही आलं तर दुर्लक्ष करायचं.

कोड लिहायचाच नसेल तरी अडत नाही. डब्ल्यूएलईडी नावाचं मुक्त सॉफ्टवेअर आहे. ब्राउझरमधून यूएसबीने बोर्डात टाकता येतं आणि पुढचं सगळं फोनवरून वायफायने. नव्या आवृत्त्यांत आवाज ऐकण्याची सोय आहे, आणि त्यात 'एजीसी' नावाचा पर्याय आहे. तो चालू करा. आवाजाची पातळी बदलली की तो स्वतःला जुळवून घेतो, आपल्या सरासरीसारखाच.

उशीर होतो का? होतो, पण किती ते बघा. ५१२ मापं गोळा व्हायला २३ मिलिसेकंद. ३०० दिव्यांना निरोप पोचवायला आणखी ९. एकूण ३२. एवढ्या वेळात आवाज हवेतून ११ मीटर जातो. म्हणजे ढोलाजवळच्या माइकने पेटलेला दिवा आणि त्या ढोलाचा आवाज, ११ मीटरवर उभ्या माणसाला बरोबर एका वेळी पोचतात! ब्लूटूथ स्पीकरवरून गाणं वाजवलंत तर मात्र स्पीकरच उशिरा वाजतो. तेव्हा माइकने स्पीकरलाच ऐकू द्या, फोनमधून थेट सिग्नल घेऊ नका.

ताशाला लखलखाट नको

नवे लोक हमखास करतात ती गोष्ट : प्रत्येक आवाजाला पूर्ण अंधार, पूर्ण उजेड, पूर्ण अंधार. ताशाच्या काड्या सेकंदाला दहा-दहा वेळा पडतात. तेवढ्या वेळा सगळा मांडव लखलखला तर काय होईल? काही लोकांना अशा लखलखाटाने झटका येऊ शकतो, फिट म्हणतो ना आपण, ती. म्हणून स्क्रीनवरच्या मजकुरासाठीही आंतरराष्ट्रीय नियम आहे : सेकंदाला तीनपेक्षा जास्त झपके नकोत. गडद लाल रंगाचे झपके तर आणखी त्रासदायक.

तर मग असं करू. दिवा कधीच पूर्ण विझवायचा नाही, एक-तृतीयांश उजेड कायम ठेवायचा. ढोल पडला की त्यावर उजेड चढतो आणि हळू उतरतो. उतरताना प्रत्येक फेरीत आकड्याला ०.८५ ने गुणा, साधारण एक दशांश सेकंदात चढलेला उजेड निम्म्यावर येतो. चढ एकदम, उतार हळू, म्हणजे डोळ्याला ठोका जाणवतो पण टोचत नाही. आणि ताशा? ताशाला ठिणग्या द्या. ६० दिव्यांतले कुठलेही तीन-चार क्षणभर पांढरे. सगळा उजेड तोच राहतो, पण पट्टीवर तडतड दिसते.

याचा एक फायदा मला फार महत्त्वाचा वाटतो. ज्याला ऐकू येत नाही, त्यालाही ढोल छातीत जाणवतो, कारण खालची कंपनं अंगाला लागतात. पण ताशा तसा जाणवत नाही. दिव्याने दोघांना वेगळं दाखवलं, तर त्या माणसाला चाल दिसते : ढोल कुठे, ताशाचं उत्तर कुठे, थांबा कुठे. मग हे दिवे नुसती रोषणाई राहत नाहीत. मात्र त्यासाठी दिवा खरा हवा. आवाजाशी संबंध नसलेलं तयार पॅटर्न चालवून उपयोग नाही.

प्रत्येक ढोलाला आपला दिवा

माइक गर्दीत सगळ्यांनाच ऐकतो. शिवाय त्याला मर्यादा आहे : साधारण १२० डेसिबलला तो ठोकळेबाज होतो, शेंडे कापले जातात. म्हणून ढोलाला खेटून ठेवू नका, वर स्पंजाचा तुकडा लावा, वाराही अडतो.

पथकासाठी वेगळी युक्ती. पिझो चकती घ्या. ग्रीटिंग कार्डात, बझरमध्ये असते ती पितळी चकती, काही रुपयांत मिळते. ढोलाच्या कडेवर चिकटवा. ती हवेतलं काही ऐकत नाही, फक्त ज्या ढोलावर आहे त्याचा हादरा ओळखते. टिपरू पडलं की तिच्यातून विजेची छोटी उसळी येते. उसळी कधी कधी मोठी असते, बोर्ड जळू शकतो. म्हणून चकतीला समांतर १ मेगाओमचा रेझिस्टर आणि ३.३ व्होल्टचा झेनर डायोड लावायचाच. इथे एफएफटीचीही गरज नाही. उसळी आली, पेटव. आता पन्नास ढोलांचे पन्नास दिवे, आणि कोणाचा हात मागे पडतोय तेही ढोलप्रमुखाला लांबून दिसतं!

ढोलाभोवती ३० दिवे पुरतात. पूर्ण पांढऱ्यावर ते १.८ अँपिअर मागतील. कोडमध्येच अर्ध्या अँपिअरची मर्यादा घाला, पॉवर बँक मिरवणूकभर टिकेल. सगळे सांधे सोल्डर करा. ब्रेडबोर्ड ढोलावर दहा मिनिटंही टिकत नाही.

वीज, पाऊस आणि गर्दी

भाद्रपद म्हणजे पाऊस. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत स्विचगिअर बनवणारं आपलं गाव, तेव्हा विजेच्या बाबतीत आपण तरी हयगय करू नये. हिशेब करा : एक दिवा पूर्ण पांढरा झाला तर ६० मिलिअँपिअरपर्यंत घेतो. ५ मीटरची पट्टी म्हणजे ३०० दिवे, १८ अँपिअर. एवढा प्रवाह बारीक जंपर वायरमधून नेलात तर वायर वितळते. जाड तार वापरा, दोन्ही टोकांनी वीज द्या, नाहीतर लांबच्या टोकाचा पांढरा रंग पिवळट-लालसर दिसतो.

पट्टी आणि ५ व्होल्टची बाजू माणसाला धोक्याची नाही. धोका २३० व्होल्टच्या बाजूला आहे. अडॅप्टर जमिनीवर ठेवू नका, उंच टांगा, वर झाकण. आणि मांडवाच्या जोडणीत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आहे का, ते इलेक्ट्रिशियनला विचारा. ओल्या लोखंडी खांबात वीज उतरली, तर तो जीव वाचवतो. एमसीबी त्यासाठी नसतो.

लेझर का नको

"पण भाऊ, लेझरसारखी मजा नाही." खरंय, लेझर दिसतो भारी. पण २०२३ च्या गणेशविसर्जनानंतर आपल्या नाशिकमधल्या काही तरुणांच्या डोळ्यांच्या पडद्याला लेझरने इजा झाल्याच्या बातम्या आल्या होत्या. कारण साधं आहे. एलईडीचा उजेड चहूकडे पसरतो, लांब गेलं की कमी होतो. लेझरचा झोत पसरत नाही. तो डोळ्यात गेला तर डोळ्याचं भिंग त्याला पडद्यावरच्या एका बिंदूवर गोळा करतं. पडद्याला दुखत नाही, त्यामुळे घरी पोचेपर्यंत कळतच नाही. हातातल्या सुरक्षित पॉइंटरची मर्यादा १ मिलिवॉट. शोच्या लेझरची ताकद त्याच्या शेकडो, हजारो पट. गर्दीच्या उंचीवर तो फिरवणं म्हणजे जुगार आहे, आणि पैसे दुसऱ्याचे लागलेत.

कानांचंही तसंच. कामाच्या ठिकाणच्या आवाजासाठी अमेरिकेतल्या संस्थेने घालून दिलेला हिशेब जगभर वापरतात : ८५ डेसिबल असेल तर ८ तास, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटं. वाकडी बारवपासून मेन रोड, अशोकस्तंभ, रविवार कारंजा करत पंचवटीपर्यंत मिरवणुकीला किती तास लागतात, ते तुम्हाला माहीत आहे. वादकांनी कानात फोमचे बोळे घातलेच पाहिजेत. यात कमीपणा काही नाही. आपल्याकडच्या २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल अशी पातळी आहे. रस्त्यावरच्या घरात कोणाचं तान्हं बाळ असतं, कोणाची आजारी आजी असते.

मी ढोल बंद करा असं म्हणत नाहीये, हे नीट ऐका. ढोल वाजलाच पाहिजे. पण 'दिसायला भारी' आणि 'ऐकायला मोठा' या दोन गोष्टी एकमेकींना बांधलेल्या नाहीत. स्पीकरची भिंत निम्मी केली तरी आपला दिवा तितकाच नाचतो, हे गणिताने आत्ताच बघितलं. मंडळाच्या बैठकीत हे तोंडाने सांगून कोणी ऐकणार नाही. एक मीटरची पट्टी घेऊन जा, फोनवर पथकाचं रेकॉर्डिंग लावा, आवाज हळूहळू कमी करत न्या आणि दिव्याकडे बोट दाखवा.

तर या आठवड्याचं काम : फायफॉक्स उतरवा, आपल्या पथकाच्या ढोलाचा शेंडा किती हर्ट्झवर येतो ते बघा आणि आम्हाला कळवा. सोबत ढोलाच्या पानाचा व्यास इंचात लिहा. पुढच्या भागात तुमच्या आकड्यांवरूनच बोलू, की मोठ्या ढोलाचा शेंडा किती खाली जातो आणि कोडमध्ये कुठले कप्पे निवडायचे. तोपर्यंत, इअरफोनचा आवाज कमीच असू द्या. भेटू!